गाडी चालू होत नाही, बाबा

४ फेब्रुवारी

बाबा, नमस्कार.

फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही आणि आत्याबाई निम्मा निरोप खातात, म्हणून लिहायला बसले. मी लिहितेय हे यांना माहीत नाही. उत्तर घरी पाठवू नका, बाइंडिंगच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. मी सकाळी तिथेच असते.

घाबरू नका, सगळे बरे आहेत. गाडीचं विचारायचंय.

तुम्ही गॅरेज बंद करताना यांना दिलेली गाडी तीन आठवडे अंगणात उभी आहे. चालू होत नाही. रविवारी हे आणि खारू, दोघं बापलेक फिरून आले तोवर ठणठणीत होती. सोमवारी सकाळी किल्ली फिरवली तर नुसती खोकली. हे म्हणाले, कार्बोरेटर गेला, पार्ट मागवलाय. तो पार्ट तेव्हापासून येतोच आहे.

यांचं काम तुम्हाला ठाऊक आहे. वजनकाटे तपासायचे म्हणजे प्रमाण वजनं सोबत हवीत. वीस-वीस किलोचे चार ठोकळे खांद्यावर टाकून बसमध्ये कोण चढणार? सध्या हे लहान पेटी घेऊन जवळच्या दोन-चार दुकानांत चालत जातात आणि अकराला घरी येतात. गोदामवाले, गिरणीवाले निरोपावर निरोप धाडतायत. हे सगळ्यांना एकच उत्तर देतात, गाडी बंद आहे. दुपारी झोपतात. कधी झोपत नसत.

मेकॅनिकला बोलवू या म्हटलं तर म्हणाले, "मेकॅनिकच्या पोरानं मेकॅनिक बोलवायचा म्हणजे बाबांचं नाक कापणं." स्वतः बॉनेट उघडतात, बघतात, मिटतात. काल मी विचारलं, नेमकं काय झालंय, तर एवढंसं तोंड करून म्हणाले, "जुनी आहे गं. तिचं वय झालं."

मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. पण लग्नाआधीपासून पुस्तकं शिवतेय, हात स्थिर आहेत. तुम्ही सांगाल तसं करीन. हे सकाळी बाहेर असतात तेवढा वेळ मिळतो, दुकानातून तासभर सुटून येईन.

तुमची सून


११ फेब्रुवारी

सूनबाई,

खोकली म्हणतेस, पण खोकला कोरडा की ओला? पेशंट न बघता औषध द्यायची माझी पहिलीच वेळ, तेव्हा तू डोळे हो आणि कान पण तूच हो, माझे तर गेलेलेच आहेत. चाळीस वर्षं इंजिनाला कान लावले, त्यांनी तेवढेच दिवस काम करायचं ठरवलं असावं.

आलो असतो. पण कमरेच्या ऑपरेशननंतर इथल्या डॉक्टरांनी मला जिना बंद केलाय, मग तेरा तासांचा प्रवास लांबच राहिला. तुझी आत्याबाई तर, माझी धाकटी बहीण असून, मला फाटकापर्यंत जाऊ देत नाही.

आता ऐक. गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना बघ, हँडब्रेक ओढ. आधी नुसते दिवे लाव. ते पिवळे, मरतुकडे दिसले तर बॅटरी उतरलीय. लख्ख दिसले तर किल्ली पूर्ण फिरव. बटण दाबल्यासारखा एकच "टक" आला तर सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, अडकलाय. "खर्र खर्र खर्र" असं जोरात, एका लयीत फिरत राहिलं तर सेल्फ आणि बॅटरी दोन्ही शहाणे आहेत, चूक पुढे कुठेतरी आहे. बॅटरीच्या दोन्ही खुंट्या हातानं हलवून बघ. हलल्या तर आवळ. त्यांच्यावर पांढरी बुरशी असेल तर गरम पाणी ओत, ओल्या फडक्यानं पूस.

पेट्रोलच्या काट्यावर जाऊ नकोस, तो माझ्या वेळेपासून खोटं बोलतो. टाकीचं झाकण काढून गाडी हलव आणि आत डचमळतं का ऐक. पाच-सहा वेळा किल्ली मारून झाल्यावर मागे धुराड्याशी जाऊन वास घे. कच्च्या पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटर बिचारा निर्दोष आहे आणि माझा मुलगा चुकतोय.

तो चुकेल असं वाटत नाही खरं. दहा वर्षांचा असल्यापासून कार्बोरेटर उघडतोय.

खारूला पापा.

बाबा


१९ फेब्रुवारी

बाबा,

दिवे लख्ख. खर्र खर्र एकदम जोरात, एका लयीत, अगदी तुम्ही लिहिलंत तस्सं. खुंट्या घट्ट आहेत. टाकीत डचमळतं. आणि मागे जाऊन वाकले तर नाकात पेट्रोलचा असा भपका आला की डोकं गरगरलं.

म्हणजे कार्बोरेटर निर्दोष. मग हे असं का म्हणाले?

एक घोटाळा झाला. हात कितीही धुतले तरी नखांत काळं राहिलं. जेवताना यांचं लक्ष गेलं. मी म्हटलं, बाइंडिंगची शाई. हे बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "शाईला ग्रीसचा वास येत नाही." मग ताट तसंच ठेवून उठले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

गिरणीचं वार्षिक तपासणीचं पत्र आलं होतं. मोठं काम. यांनी ते दोनदा घडी घालून खिशात ठेवलं. मी म्हटलं, त्यांची गाडी पाठवतील का विचारा ना. तर म्हणाले, "कुणाच्या उपकारात राहायचं नाही." त्यात उपकार कसला, मला समजलं नाही. माणूस कामाला नाही म्हणतोय की गाडीला, हेच मला कळेनासं झालंय.

पुढे काय करू ते सांगा.


२६ फेब्रुवारी

सूनबाई,

तुला मी गॅरेजात ठेवलं असतं. वास नीट ओळखणं निम्म्या कारागिरांना जमत नाही.

पेट्रोल येतंय, पण ते पेटत नाही. म्हणजे ठिणगी नाही. आता या कामाला दोघं लागतात, एक किल्ली फिरवायला आणि एक बघायला. मोठं माणूस घे, खारूला नको. शेजारच्या मास्तरीणबाई आहेत ना अजून?

इंजिनावर चार जाड काळ्या वायरी दिसतील, सापाची पिल्लं असावीत तशा. एकीचं टोक ओढून काढ. तिच्याखाली प्लग आहे. डिकीत माझा प्लगचा पाना असेल, त्यानं तो सोडव. प्लग परत वायरीत खोच आणि इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवून ठेव. हातानं धरू नकोस, कपड्यांच्या लाकडी चिमट्यानं धर, नाहीतर असा झटका बसेल की मला मरेपर्यंत ऐकवशील. मास्तरीणबाईंनी किल्ली मारली की प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी उडायला हवी.

उडाली नाही तर त्या चारही वायरी जिथून निघतात ते वाटीएवढं झाकण बघ. त्याला दोन बाजूंना दोन चाप आहेत, बोटानं उडतात. झाकण उचल आणि आत काय आहे ते मला कागदावर काढून पाठव. काही ओढू नकोस, पुसू नकोस, फक्त बघ.

त्या खिशातल्या पत्राचं मला आवडलं नाही. काम सोडून घरी बसायची आमच्याकडे कुणाला सवय नाही. तुमच्यात काही वाजलंय का? विचारू नये, पण विचारतो.

बाबा


६ मार्च

बाबा,

आमच्यात काही वाजलेलं नाही. वाजावं एवढं हे बोलतच नाहीत.

मास्तरीणबाई मोठ्या हौसेनं आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या आणि आधी आरसा स्वतःच्या केसांसाठी नीट केला. चिमटा, प्लग, सगळं तुम्ही सांगितलं तसं धरलं. त्यांनी आठ वेळा किल्ली मारली. ठिणगी नाही. चारही प्लग बघितले, एकातही नाही.

मग वाटी उघडली. चित्र खाली काढलंय. मध्ये बोटाएवढा लोखंडी दांडा आहे, त्याचं टोक मोकळं. त्याच्यावर काहीच नाही. बाजूला एक छोटी पत्री आणि एक बारीक स्क्रू. झाकणाच्या आत चार पितळी ठिपके आणि मध्ये एक काळा. बस, एवढंच. मास्तरीणबाई म्हणाल्या, "रिकामी वाटते गं वाटी." मला काय रिकामं आणि काय भरलेलं, तुम्हीच सांगा.

आणखी एक, त्याचा गाडीशी संबंध नाही. परवा मी उठायच्या आधीच यांनी स्वतःची पायजमा-चादर धुऊन दोरीवर टाकली होती. अकरा वर्षांत रुमाल धुतला नाही या माणसानं. म्हणाले, चहा सांडला. मी हसले. मग खोलीत कपच नव्हता हे लक्षात आलं, तेव्हा हसू थांबलं.


१३ मार्च

सूनबाई,

वाटी रिकामीच आहे. मास्तरीणबाईंना नोकरीवर घ्यायला हरकत नाही.

त्या दांड्यावर रोटर असतो. अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा, डोक्यावर पितळेची पट्टी. तो फिरतो आणि चारही प्लगना पाळीपाळीनं ठिणगी वाटतो. तो नसेल तर सेल्फ जन्मभर फिरवलास तरी गाडी चालू व्हायची नाही. आणि तो आपोआप पडत नाही. झाकण बंद असताना पडून जाणार कुठे? कुणीतरी काढलाय.

कुणी, तेही मला माहीत आहे. गॅरेजबाहेर गाडी ठेवायची वेळ आली की मी रोटर काढून खिशात टाकायचो. चोराला कळतच नाही काय झालं. ही युक्ती मी एकाच माणसाला शिकवली.

म्हणजे आपले चिरंजीव तुला दोन महिने बनवतायत. राग आलाय मला. गाडी बंद म्हणून सांगायचं, दुपारी लोळायचं आणि बायकोला कामावर पाठवायचं. त्याची आई असती तर तिनं त्याला उभा-आडवा घेतला असता. मी सोबत माझ्या जुन्या डब्यातला रोटर पाठवतोय. दांड्याला एका बाजूला खाच आहे, तिच्यात बसेल असा फिरवून दाब, झाकण लाव, चाप बसव. त्याला आधी विचारू नकोस. गाडी चालू करून दारात उभी कर आणि म्हण, जा आता गिरणीत. मग काय बोलतो ते मला कळव.

बाबा


२४ मार्च

बाबा,

गाडी चालू झाली. पहिल्याच किल्लीला. मास्तरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही असायला हवे होतात असं मला वाटलं, आणि पुढच्याच क्षणी वाटलं, बरं झालं नव्हतात.

हे दुकानांची फेरी आटपून फाटकातून आत येत होते. आवाज ऐकून जागीच थांबले. मी तुमचं वाक्य म्हटलं, "जा आता गिरणीत." हसतच म्हटलं. यांचा चेहरा पांढराफटक पडला. पेटी हातातून सुटली, लहान वजनं अंगणभर घरंगळली. हे धावत आले, खिडकीतून हात घालून किल्ली बंद केली, आणि तिथेच पायरीवर बसले. कपाळावर घाम. मास्तरीणबाई वजनं वेचत राहिल्या, बिचाऱ्यांना कुठे बघावं कळेना.

मी म्हटलं, "चालत होती ना गाडी? मग का?"

"ती कुणी चालवायची नाही."

"कुणी म्हणजे?"

"मी."

बस. दुसऱ्या दिवशी बघितलं तर तुम्ही पाठवलेला रोटरही गायब आणि त्या चार वायरीही. मी आता शोधत नाही.

बाबा, यांना कामाचा कंटाळा आलेला नाही. तुम्ही रागावू नका. दुकानदारांकडून येतात तेव्हा यांचे डोळे चमकत असतात. यांना कशाची तरी भीती बसलीय. खारूला कडेवर घेत नाहीत. जिन्यावर भिंतीला धरून चढतात. गेल्या आठवड्यात जीभ चावली म्हणाले, तर बाजूला एवढी मोठी जखम, दोन दिवस धड बोलता येईना. खांद्यावर काळानिळा डाग. दार लागलं म्हणाले. मी म्हटलं, जीभ आणि खांदा एकाच दिवशी? तर माझ्यावर खेकसले आणि लगेच माझा हात धरून सॉरी म्हणाले.

तुम्ही यांना लहानपणापासून ओळखता. मी अकरा वर्षंच. मला काय दिसत नाहीये?


३१ मार्च

सूनबाई,

तुझं पत्र चारदा वाचलं. गाडीचं वाचताच आलं नाही, मी जिभेपाशीच अडकलो.

गाडीत काही बिघाड नाही. मी तुला दोन महिने भलत्याच ठिकाणी हात घालायला लावला. आता मी जे लिहितोय ते तुला अकरा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

तो नऊ वर्षांचा असताना त्याला फिट आली. त्यानंतर सहा वर्षं येत राहिल्या. गोळ्या चालू होत्या. पंधराव्या वर्षी थांबल्या. पुढे गोळ्याही बंद केल्या. डॉक्टर म्हणाले होते, मोठेपणी कदाचित परत येणार नाहीत. त्यातलं कदाचित आम्ही ऐकून घेतलं नाही.

लग्न ठरत होतं तेव्हा तुझे वडील गॅरेजात आले. स्टुलावर बसले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारलं, "मुलाला काही दुखणंबिखणं?" मी पाना पुसत होतो. मी म्हणालो, "बॉनेटमध्ये डोकं घातलं की जेवायची शुद्ध राहत नाही, एवढंच दुखणं." ते हसले. मीही हसलो. घरी तुझी सासू म्हणाली होती की जे गेलं ते कशाला उकरायचं. पण ती आता नाही, तिच्यावर ढकलणं सोपं आहे. प्रश्न मला विचारला होता. आणि मुलाला मी बजावलं होतं, कुठे बोलायचं नाही. तो माझं ऐकतो, हा त्याचा दोष नाही.

मला वाटतं, त्याला परत फिट येतायत. रोटर त्यानं स्वतःला गाडी चालवता येऊ नये म्हणून काढला. तुला सांगायचं तर मागचं सगळं सांगावं लागलं असतं, माझ्यासकट.

त्याला डॉक्टरांकडे ने. आणि तुझ्यासमोर आली तर घाबरू नकोस. धरून ठेवू नकोस. तोंडात चमचा, बोट, काही घालू नकोस. आजूबाजूचं कठीण सामान दूर कर, डोक्याखाली काही मऊ सरकव, कुशीवर वळव, आणि घड्याळ बघ. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर थांबू नकोस, दवाखान्याची गाडी बोलव.

मला काय हवं ते बोल. त्याला बोलू नकोस.

बाबा


१४ एप्रिल

सूनबाई,

उत्तर नाही. पत्र मिळालं नसेल असं स्वतःला सांगून बघितलं, पण मिळालं असणार.

आत्याबाईला फोन लावायला सांगितला होता. खारूनं उचलला आणि म्हणाली, आई दवाखान्यात गेलीय, बाबांना घेऊन. पुढचं आत्याबाईला कळलं नाही, की कळून तिनं मला सांगितलं नाही, देव जाणे. मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो होतो.

मी येऊ का? डॉक्टर काही का म्हणेनात.

बाबा


२७ एप्रिल

सूनबाई,

एक ओळ लिही. कशीही. शिवी लिहिलीस तरी चालेल.

बाबा


५ मे

बाबा,

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. पहिलं पाच एप्रिलला मिळालं.

ते वाचून त्या दिवशी दुकानात एकाच वहीला टाके घालत बसले. घालायचे आणि उसवायचे. मालक बघून गेले. घरी आले, यांना जेवायला वाढलं. दोन दिवस असेच गेले. विचारायचं ठरवायची आणि यांच्याकडे बघितलं की भाजी हवी का, एवढंच विचारायची.

सात तारखेला दुपारी हे स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले. खारू टेबलाशी गणितं करत होती. यांनी नळ सोडला आणि तसेच उभे राहिले, पेला भरून वाहायला लागला तरी. मी म्हटलं, "अहो, पाणी." यांनी माझ्याकडे बघितलं, पण त्या बघण्यात मी नव्हते. मग घशातून एक आवाज आला, तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि हे पडले. टेबलाचा कोपरा चार बोटांनी चुकला.

मला तुमचं पत्र तोंडपाठ होतं. खुर्च्या लांब फेकल्या, माझा स्वेटर डोक्याखाली घातला, कुशीवर वळवलं. चमचा घेतला नाही. ओट्यावर समोरच होता, हात जात होता, पण घेतला नाही. खारूला म्हटलं, बाहेर जा. ती गेली नाही. भिंतीला चिकटून उभी राहिली. अडीच मिनिटं झाली. माझा अख्खा जन्म त्याहून लहान वाटला मला.

संध्याकाळी यांनी सगळं सांगितलं. त्या रविवारी, गाडी बंद पडायच्या आदल्या दिवशी, हे खारूला घेऊन परत येत होते. मध्येच काही आठवत नाही. भानावर आले तेव्हा गाडी रस्ता सोडून एका शेताच्या कुंपणाला टेकलेली, इंजिन बंद पडलेलं. मागून खारू विचारत होती, "बाबा, आपण इथे का थांबलो?" हे म्हणाले, "गाई बघायला." आणि पहिल्या गियरमध्ये घरापर्यंत आले. मी खारूला हळूच विचारलं, कुठे थांबला होतात का गं एकदा. ती म्हणाली, "हो. पण तिथे गाई नव्हत्याच."

डॉक्टरांनी गाडी बंद केली. कधीपर्यंत, तर सांगता येत नाही. गोळ्या सुरू केल्यात, त्यानं हे दिवसभर पेंगतात, बोलता बोलता शब्द विसरतात. मापात बसायला वेळ लागेल म्हणतात, आणि बसल्या तरी खात्री नाही. मधल्या काळात आणखी दोनदा आली. गिरणीनं काम दुसऱ्याला दिलं. लोक मला म्हणतात, तू गाडी शिक. मी एकदा त्या जागेवर बसून बघितलं आणि उठले. जमेल पुढे कधी, आज नाही.

तुम्हाला माफ केलं असं लिहिता येत नाही. खोटं होईल. खारू पोटात असताना मी त्या गाडीत बसलेय, बाबा. ती दोन महिन्यांची होती तेव्हा मांडीवर घेऊन घाटातून आलेय, आणि गाडी हे चालवत होते. तुम्हाला ते माहीत होतं, तुम्ही फाटकात उभं राहून हात हलवला होता.

यांच्यावरही राग आहे. पण झोपलेल्या माणसावर किती रागावणार? उठले की आधी माझ्या तोंडाकडे बघतात.

येऊ नका. आता तरी नको.

पण एक काम आहे. डॉक्टरांनी मला विचारलं, लहानपणी कशा यायच्या? किती वेळ? कुठल्या वेळी? आधी काही कळायचं का? कुठली गोळी लागू पडली? मी बायको, आणि मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. यांना आठवत नाही, यांना कसं आठवणार. सासूबाई नाहीत. माहीत असलेला माणूस आता एकटे तुम्ही उरलात. सगळं लिहून पाठवा. आता काही गाळू नका.


११ मे

सूनबाई,

लिहितो. अक्षर लागलं नाही तर कळव, आत्याबाईकडून परत लिहून घेईन.

पहिली फिट नवव्या वर्षी, शाळेला निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता. दोन मिनिटांच्या आत थांबली. दुसरी साडेतीन महिन्यांनी. दहाव्या वर्षी पाच आल्या, अकराव्या वर्षी सर्वांत जास्त, महिन्याला एक तरी. बहुतेक पहाटे किंवा झोपेतून उठल्यावर तासाभरात. दिवसा आली तर ताप असताना किंवा आदल्या रात्री जागरण झालेलं असताना. नेहमी उजवा हात आधी वळायचा, मान उजवीकडे जायची, मग बाकीचं अंग. हे डॉक्टरांना नक्की सांग, तेव्हाच्या डॉक्टरांनी हे दरवेळी विचारलं होतं.

आधी त्याला कळायचं. म्हणायचा, जळल्या रबराचा वास येतोय. गॅरेजात तो वास नेहमीच असायचा, म्हणून आम्ही बरेच दिवस लक्ष दिलं नाही. आता त्याला तसा वास येतो का विचार. येत असेल तर खाली बसायला सांग, कुठे असेल तिथे, रस्त्यात असला तरी.

पहिल्या गोळीनं अंगावर पुरळ आलं, ती आठ दिवसांत बंद केली. दुसरी लागू पडली. तिची जुनी चिठ्ठी त्याच्या आईच्या पत्र्याच्या पेटीत सापडली, सोबत पाठवतोय. तिच्यावर तारखा आहेत, तुझ्या सासूच्या अक्षरात, प्रत्येक फिटची. एकूण एकतीस. ती म्हणायची, उकरू नको. पण तिनं एकही तारीख फेकली नव्हती.

शेवटची पंधराव्या वर्षी. ऑगस्टच्या नऊ तारखेला.

नंतर तो तासभर झोपायचा. उठवायचं नाही. जाग आली की पाणी मागायच्या आधी एकच विचारायचा, "कुणी पाहिलं का?" शेजारपाजारचे दारात उभे असले तरी आम्ही म्हणायचो, नाही रे, कुणी नाही पाहिलं. सहा वर्षं आम्ही त्याला हेच सांगितलं. मग तो विचारेनासा झाला, आणि आम्हाला वाटलं, बरा झाला.

तो पुन्हा विचारेल. शब्दांत नाही विचारलं तरी उठल्यावर तुझ्या तोंडाकडे बघतो ते त्यासाठीच.

त्याला सांग, "मी पाहिलं."

बाबा